आधीचा अर्धा सेकंद

पद्माचा दिशांक एकतीस आला, त्या दिवशी भूपाल मगदूमनं माळ्यावरची नकाशांची पेटी खाली काढली.

त्यासाठी त्याला स्टुलावर चढावं लागलं, आणि बहात्तराव्या वर्षी स्टुलावर चढल्याबद्दल बोलणी खावी लागली.

"उतरा आधी खाली. मोडलं एखादं हाड, तर कडेवर घेऊन फिरू काय तुम्हाला?"

पण पद्माच्या बोलण्याला रोजची धार नव्हती. खिडकीशी उभी राहून ती दवाखान्यातून आलेला कागद चौथ्यांदा वाचत होती. शंभरापैकी एकतीस. तीसच्या खाली गेलं की हातानं गाडी चालवायचा परवाना जाणार, आणि मग स्वतः चालणाऱ्या डबड्यात पार्सलासारखं बसून फिरायचं. परवान्याचंही एक वेळ जाऊ दे. त्या आकड्याच्या मागं जो आजार दबा धरून बसलेला असू शकत होता, त्याचं नाव दोघांपैकी कुणीच सकाळपासून तोंडातून काढलं नव्हतं.

पद्मानं सोळाव्या वर्षी पहिलं स्टिअरिंग धरलं ते वडिलांच्या दुधाच्या टेम्पोचं. २००३ साली लग्न होऊन ती मिरजेला आली, तेव्हा भूपाल पाटबंधारे खात्यात ट्रेसर होता. कागदोपत्री 'अनुरेखक'. इंजिनियरांनी काढलेले धरणांचे नि कालव्यांचे नकाशे पारदर्शक कापडावर शाईनं हुबेहूब उतरवायचे, हे त्याचं काम. हातभर अंतरावरची केसाएवढी रेघ त्याला दिसायची. त्यापलीकडचं जग मात्र तो अंदाजानं बघायचा. समोरून ट्रक आला की डोळेच मिटून घ्यायचा. अशा माणसानं गाडी चालवू नये, हे नवराबायकोनं लग्नाच्या दुसऱ्याच महिन्यात, एका चिंचेच्या बुंध्याला सेकंडहँड मारुती टेकवून उभे असताना, एकमतानं ठरवलं. तेव्हापासून पद्मा चालवणार आणि भूपाल शेजारी मांडीवर नकाशा पसरून रस्ता सांगणार, अशी वाटणी झाली.

मग सुयोग झाला. हे पोरगं गाडी हलल्याशिवाय झोपायचं नाही आणि गाडीत कुणी बोललं की टक्क जागं व्हायचं. त्यावर भूपालनं तोड काढली. तो एकदा खाकरला की डावीकडं, दोनदा खाकरला की उजवीकडं, गप्प राहिला की सरळ. सुयोगच्या दाढीत आता पांढरे केस आले होते आणि त्याचं पुण्यातलं घर सांभाळता सांभाळता त्याला आईबापांना फोन करायला सवड होत नव्हती, पण मगदूमांच्या गाडीतलं खाकरणं काही सुटलं नव्हतं. फाटा आला की भूपालचा घसा आपोआप खवखवायचा.

त्याची गरज संपली ती दहा वर्षांपूर्वी, वाटाड्या आल्यावर.

०

वाटाड्या म्हणजे कानामागं चिकटवायची नखाएवढी पट्टी. आपल्या कानाच्या आत तोल सांभाळणाऱ्या तीन वाकड्या नळ्या असतात. त्यांच्याकडून मेंदूकडं जाणाऱ्या मज्जातंतूला ही पट्टी अगदी मंद विद्युतप्रवाह द्यायची. गाडी कुठं आहे हे आकाशातले उपग्रह सांगत, कुठं वळायचं हे पट्टी ठरवी, आणि वळण यायच्या जरा आधी माणसाला त्या बाजूला हलकीशी ओढ लागे. बोलणं नाही, पडदा नाही, बाण नाही. आपल्याला आतूनच वाटलं म्हणून आपण वळलो, असं वाटायचं. पूर्वीची फोनमधली बाई निदान बोलायची तरी, तिच्याशी भूपालला भांडता यायचं. या पट्टीशी भांडायचं कसं? मांडीवरचा नकाशा पेटीत गेला आणि शेजारी बसून शेंगा सोलून देणं, एवढंच काम त्याला उरलं. त्यानं स्वतः पट्टी कधी लावली नाही. "मला कुठं जायचंय? पद्मा नेईल तिकडं," म्हणायचा.

या पट्टीतून एक भलताच शोध लागला. एका संशोधक बाईंच्या लक्षात आलं, की पट्टी ओढ देते त्याच्या आधीच्या अर्ध्या सेकंदात माणसाची मान आणि नजर स्वतःहूनच बरोबर बाजूला झुकलेली असते, आणि पट्टी त्याची नोंद ठेवते. मेंदूत कानशिलाच्या आत करंगळीएवढा, समुद्रघोड्याच्या आकाराचा एक भाग असतो. तिथल्या काही पेशी आपण कुठं आहोत ते धरून ठेवतात, काही पेशी किती अंतर आलो ते मोजतात, आणि मिळून डोक्यात जागेचा एक नकाशा तयार होतो. तो अर्धा सेकंद म्हणजे त्या नकाशाचा आवाज. विस्मृतीच्या आजारात पहिली पडझड नेमकी इथंच होते. माणसांची नावं विसरायच्या सात-आठ वर्षं आधी माणूस दिशा विसरू लागतो. लाखो लोकांचे असे अर्धे सेकंद तपासून त्यांनी एक आकडा बसवला. त्याला नाव पडलं दिशांक, आणि पासष्टीच्या पुढच्या प्रत्येकानं तो दरवर्षी तपासून घ्यावा असा नियम झाला.

कोल्हापूरच्या डॉक्टर हेरवाडकर चाळिशीच्या, स्पष्ट बोलणाऱ्या बाई होत्या. एकतीसच्या कागदावर त्यांनी पेन्सिलीनं दोन शब्द लिहिले: गंज आणि कीड.

"दहा वर्षं पट्टी लावली की डोक्यातला नकाशा वापरातच येत नाही, तो गंजतो. असे पुष्कळ येतात माझ्याकडं. दुसरं म्हणजे कीड, खरा आजार. आज दोन्हींचा आकडा सारखाच दिसतो. गंज असेल तर घासून निघेल. तीन महिने पट्टी काढा, ताई. फिरा, रस्ते शोधा, कागदी नकाशा असेल तर उत्तम. मग आपण रस्त्यावरची मोठी चाचणी घेऊ."

"आणि कीड असली तर?" पद्मानं विचारलं.

"तर घासून काही होणार नाही. पण ते तेव्हा बोलू."

पद्मानं कानामागची पट्टी तिथंच ओढून काढली. निघता निघता चार पांढरे केस घेऊनच निघाली.

०

पहिला महिना भूपालनं नव्या नोकरीला लागल्यासारखा काढला. दर रविवारी सकाळी तो इस्त्रीचा शर्ट घालून पुढच्या सीटवर बसायचा आणि १९९८ सालचा जिल्ह्याचा नकाशा मांडीवर पसरायचा. घड्यांवर नकाशा विरला होता, चिकटपट्ट्या पिवळ्या पडल्या होत्या, आणि कडेनं त्याच्याच हातच्या पेन्सिलीच्या नोंदी होत्या: 'इथं भजी.' 'इथं पंक्चर.' 'इथून पद्मा बोलायची बंद, दोन तास.'

"हे कधीचं ओ?" पद्मा वाकून बघायची.

"दोन हजार सहा. मी तुझ्या आईच्या आमटीला नाव ठेवलं होतं. तू रस्त्याकडं बघ. दीड किलोमीटरवर फाटा, डावीकडं."

"होय साहेब."

पहिल्या रविवारी आटपाडी, दुसऱ्या रविवारी जत, मग शिराळा. एकदाही चुकले नाहीत. नवे रस्ते नकाशात नव्हते, तिथं भूपाल पेन्सिलीनं भर घालायचा. पद्मा त्याचं ऐकून वळायची, गुणगुणायची, आणि दोघांनाही वाटायचं, आकडा आता चढलाच म्हणून समजा.

महिन्यानं मधली तपासणी झाली. एकतीसचा तीस झाला होता.

मग डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "नकाशा कोण वाचतं?"

"मी," भूपाल ताठ बसून म्हणाला. "पस्तीस वर्षं खात्यात..."

"आणि ताई काय करतात?"

"ती चालवते. मी सांगेन तसं."

हेरवाडकरबाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "मगदूमकाका, मग तुम्ही वाटाड्या नुसता बदलला. आधीचा कानामागं चिकटलेला होता, आता तो शेजारी बसतोय."

पद्माला असं हसू फुटलं की डोळ्यांना पदर लावावा लागला. भूपाल हसला नाही. परतीच्या वाटेवर त्यानं नकाशा उघडला नाही, की शेंगाही सोलल्या नाहीत. जयसिंगपूर मागं पडल्यावर तो म्हणाला, "चव्वेचाळीस वर्षं मीच सांगत आलो तुला. दहा वर्षं पट्टीची, पण त्याच्या आधीची माझी. मीच तुझं डोकं बसवून ठेवलं का गं?"

"तुम्ही कशाला? मीच मजेत बसले. डोकं तुमच्याकडं आणि पाय माझ्याकडं. बरं चाललं होतं की."

ती सहज बोलून गेली, पण भूपालच्या मनाला ते लागलं. त्या रात्रीच्या जेवणात त्यानं भाकरी निम्मीच खाल्ली.

०

दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाकघरातल्या टेबलावर शाळा भरली. पद्माला नकाशा वाचता येत नव्हता, हे दोघांनाही चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा कळलं.

"आधी पाणी बघ," भूपाल सांगायचा. "निळी रेघ कुठून कुठं वाहते, ते मनात धर. एकदा पाणी कळलं की चढ-उतार कळला, गावं का तिथं वसलीत ते कळलं. रस्ता माणसं बदलतात. ओढा उताराला जाणारच."

"आणि ही तुटक निळी?"

"कालवा. त्याच्या कडेनं खात्याची जीप जाईल एवढी वाट असते, तपासणीसाठी. नकाशात ती दाखवत नाहीत, पण असतेच."

"म्हणजे आपण लग्नानंतर गेलो होतो ती? तुम्ही मला कालव्याचं दार दाखवायला नेलं होतं. लोकं महाबळेश्वरला जातात."

"तुला आवडलं नव्हतं?"

"आवडलं होतं. तेव्हा सांगितलं नाही एवढंच."

शाळेपेक्षा अवघड होतं ते रविवारचं गप्प बसणं. निघण्याआधी पद्मा नकाशा बघायची, मग तो पेटीत जायचा आणि भूपालनं तोंड उघडायचं नाही, असं ठरलं. तोंड तो बंद ठेवायचा, पण फाटा दिसला की घसा ऐकायचा नाही. तो खाकरायचा, आणि पद्माचे हात तिच्याही नकळत स्टिअरिंग फिरवायचे. दोनदा असं झाल्यावर तिनं गाडी कडेला घेतली, पर्समधून लवंग काढली आणि त्याच्या तोंडात घातली.

"ही चघळा. घशातनं आवाज आला तर उतरवून एसटीनं पाठवीन."

मग ते चुकायला लागले. कवठ्याला म्हणून निघाले आणि एका डाळिंबाच्या बागेत शिरले. तिथं रस्ताच संपला. मालकानं पाणी दिलं, गूळ दिला, वर चार डाळिंबं दिली. पद्माला चुकण्याची गोडी लागली. "बघा, तुमच्या नकाशात डाळिंबं होती का?" ती विचारायची. भूपाल मान हलवायचा आणि रुमालानं तळहात पुसायचा. तिच्या प्रत्येक चुकीला त्याच्या मनात एकच प्रश्न यायचा, गंज का कीड. आणि उत्तर विचारायला कुणी नव्हतं.

एकदा मिरजेतच, रोजच्या मार्केटच्या चौकात, पद्मानं गाडी हळू केली आणि म्हणाली, "अहो, आपण कुठं निघालो होतो?"

"दळण आणायला," तो म्हणाला.

"हां, दळण." आणि ती बरोबर गिरणीकडं वळली. असं कुणाचंही होतं. त्याचं स्वतःचंही दिवसातून दोनदा व्हायचं. तरी घरी आल्यावर भूपाल बराच वेळ न्हाणीघरात नळ सोडून उभा राहिला. ही बाई आपल्याला ओळखेनाशी झाली तर आपण उरतो कुठं, हे त्याला कळत नव्हतं. तिच्या शेजारच्या सीटपलीकडं त्यानं आयुष्यात दुसरी जागा शोधलीच नव्हती.

०

मोठी चाचणी पन्हाळ्याच्या पलीकडच्या डोंगराळ मुलखात होती. पद्मानं कधीच पाहिला नसेल असा भाग मुद्दाम निवडला होता. सोबत दवाखान्याची रुखसार मुजावर होती, तिशीची, हसतमुख, पण नियमाला पक्की. तिनं पद्माच्या कानामागं पट्टी लावली.

"काकू, ही आज ओढ देणार नाही, नुसतं ऐकणार आहे. पाच मिनिटं नकाशा बघा. कासारमाळावरनं निघून देऊळवाडीला पोचायचं. काका मागं बसतील आणि बोलणार नाहीत."

"चाचणीत मोजता काय?" भूपालनं विचारलं.

"ते सांगत नाही, काका. सांगितलं की माणसं तेच करायला जातात."

नकाशा बॉनेटवर पसरला होता. पद्मा बोट फिरवत ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटत होती. भूपालनं तिच्या खांद्यावरून फक्त एकदा पाहिलं. पस्तीस वर्षांच्या ट्रेसरला तेवढं पुरे होतं. कासारमाळापासून वर जाणारा रस्ता. सहा किलोमीटरवर फाटा. उजवीकडं दगडाची खाण, डावीकडं देऊळवाडी. वरच्या अंगाला पूर्वेकडून पश्चिमेकडं येणारा ओढा, तो नदीला मिळतो तिथं गाव. गावाच्या डोक्यावरून एक तुटक निळी रेघ. सगळं त्याच्या बोटांना पाठ झालं.

तो मागच्या सीटवर बसला आणि त्यानं दोन लवंगा तोंडात टाकल्या.

पद्मानं गाडी छान नेली. उन्हं कोवळी होती, रस्त्यात शेळ्या आडव्या आल्या तेव्हा तिनं हॉर्न न वाजवता वाट बघितली. मग फाटा आला. बंद पडलेल्या दूध डेअरीची शेड, तिच्या दोन्ही अंगांनी जाणारे दोन सारखेच रस्ते, आणि पाटी गंजून कोरी झालेली.

पद्मा थांबली.

भूपाल तिच्या मानेकडं बघत होता. मान कुठंच झुकली नाही. ती डावीकडं बघत होती, उजवीकडं बघत होती, आणि तिच्या हाताची बोटं स्टिअरिंगवर नुसती वाजत होती. मग तिनं आरशात बघितलं. थेट त्याच्या डोळ्यांत.

ती खाकरण्याची वाट बघत होती. तिला स्वतःला ते कळत असेल नसेल, पण तो ती नजर ओळखत होता. मागं सुयोग झोपलेला असताना अशाच नजरेनं तिनं त्याला शेकडो वेळा विचारलं होतं.

एकदा खाकरलं की झालं. रुखसार पुढं बसून तिच्या यंत्रात बघत होती. म्हाताऱ्या माणसाच्या घशाला कुणी नियम लावत नाही. पद्मा डावीकडं वळेल, अर्ध्या तासात देऊळवाडी येईल, परवाना राहील, ती हसेल. भूपालचा घसा आतून चरचरत होता, लवंगांनी नाही, सवयीनं. आणि गप्प राहिलं तर? गप्प राहिलं तर त्यांच्या भाषेत सरळ जायचं, आणि सरळ तर डेअरीची भिंत होती.

पण खाकरलो तर मला कधीच कळणार नाही, त्याच्या मनात आलं. ती आत अजून आहे का नाही, हे मला कधीच कळणार नाही. मी माझ्याच आवाजाला ओ देणारी बायको घेऊन घरी जाईन.

त्यानं दोन्ही लवंगा दाढेखाली फोडल्या. डोळ्यांत पाणी आलं. आरशात बघत त्यानं मान अगदी स्थिर ठेवली, आणि तो गप्प बसला.

पद्मानं नजर काढली. गिअर टाकला. आणि उजवीकडं वळली.

०

चार किलोमीटर. भूपाल प्रत्येक किलोमीटर मोजत होता. पहिल्यात वाटलं, आता थांबेल. दुसऱ्यात वाटलं, आता. तिसऱ्यात त्यानं खिडकीबाहेर तोंड केलं, कारण त्याला आपलं तोंड आरशात दिसू द्यायचं नव्हतं. रस्ता चढत होता. एक कालवा ओलांडला. पुढं वळणावर लहानसा पूल दिसला, आणि गाडी पुलावर चढता चढता करकचून थांबली.

"हा पूल कशाला आला?" पद्मा म्हणाली.

पद्मा दार उघडून खाली उतरली, कठड्यावरून वाकली आणि पाण्याकडं बघत राहिली. तिथूनच ती मोठ्यानं बोलायला लागली, एकटीशीच बोलावं तशी.

"पूल यायलाच नको होता. गाव अलीकडच्या काठाला, ओढा ओलांडायचाच नव्हता. पाणी चाललंय डावीकडं. गाव आहे जिथं हे नदीला मिळतं तिथं. म्हणजे गाव डाव्या हाताला खाली, आणि आपण आलोय वर, खाणीकडं." ती गाडीत येऊन बसली. तिचा चेहरा लाल झाला होता. "चुकले मी. फाट्यालाच चुकले."

"परत फिरायचं का, काकू?" रुखसारनं विचारलं.

"परत कशाला? मघाशी कालवा लागला की. तो गावाच्या डोक्यावरनं जातो. त्याच्या कडेनं जीप जाईल एवढी वाट असते. नकाशात नसते, पण असतेच."

तिनं गाडी मागं घेतली, कालव्याशी आणली, आणि एका बाजूला पाणी नि दुसऱ्या बाजूला बाभळी, अशा वाटेनं पश्चिमेकडं घातली. बाभळीच्या काट्यांनी दार ओरबाडलं. भूपालला ते ऐकूच आलं नाही. तो मागच्या सीटवर रुमाल तोंडावर धरून बसला होता. वीस मिनिटांनी खाली देवळाचं शिखर दिसलं.

"काका, बरं वाटत नाही का?" रुखसारनं मागं वळून विचारलं.

"लवंग तिखट निघाली," तो म्हणाला.

०

"सत्तावन्न," डॉक्टर हेरवाडकर म्हणाल्या. "गंजच होता. दरवर्षी तपासत राहू, पुढचं लिहून कुणी देऊ शकत नाही. पण आज कीड नाही."

पद्मा म्हणाली, "पण मी तर चुकले, बाई."

"म्हणून तर कळलं. बरोबर वळणं आम्ही मोजतच नाही, ताई. ती अंदाजानंही येतात. आजारी माणूस चुकतो आणि धडधाकट माणूसही चुकतो. पण आपण चुकलोय हे ज्याचं त्याला कळणं, आणि तिथून स्वतःची नवी वाट काढणं, याला डोक्यात शाबूत नकाशा लागतो. आजारात तोच जातो." त्यांनी पडद्यावर एक आलेख दाखवला. "हा फाटा. इथं सपाट रेघ आहे, तुम्हाला काही सुचत नव्हतं. आणि हा पूल. चाक पुलावर चढायच्या आधी अर्धा सेकंद तुमची मान मागं वळलीय. तुम्ही 'पूल कशाला आला' म्हणायच्या आधी तुम्हाला कळलं होतं."

मग त्या भूपालकडं वळल्या. "फाट्यावर ताई अकरा सेकंद आरशात बघत होत्या. तुम्ही काय करत होता?"

"काही नाही."

"बरं केलंत. कुणी तिथं खूण केली असती, तर त्या बरोबर गेल्या असत्या. पुढं एकही फाटा नव्हता, पूल आला नसता, आणि मी तुम्हाला आज एकोणतीस सांगितला असता. कीड समजून औषधं सुरू केली असती."

भूपालला एकदम पाणी प्यावंसं वाटलं. पद्मा त्याच्याकडं टक लावून बघत होती. जिना उतरताना तिनं त्याचा दंड धरला. एरवी ती चार पायऱ्या पुढं असायची.

गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "मला वाटलं, तुम्हाला झोप लागली."

"लागली होती थोडी."

"डोळे उघडे ठेवून?"

"तशी सवय आहे. पस्तीस वर्षं सरकारी नोकरी केलीय."

ती हसली. कोल्हापूर मागं पडलं. उसाचे फड सुरू झाले. भूपालनं पायाशी ठेवलेली पेटी उघडली, जिल्ह्याचा जुना नकाशा काढला आणि किती तरी दिवसांनी मांडीवर पसरला. पद्मानं तिरक्या नजरेनं बघितलं. सवयीनं तोंडात टाकलेली लवंग त्यानं खिडकीतून थुंकून टाकली. आता बंदी उठली होती.

पुढं फाटा दिसला. डावीकडं मिरज, घर, चहा. उजवीकडं काय होतं ते नकाशाच्या कडेबाहेर गेलं होतं.

भूपाल एकदा खाकरला. स्वच्छ, मोकळं, डावीकडचं.

गाडी उजवीकडं वळली.

ती खूण विसरली का काय? त्यानं घाबरून तिच्याकडं बघितलं. पद्मा समोर रस्त्याकडं बघत होती आणि ओठ दाबून हसू आवरत होती, सोळा वर्षांची असताना वडिलांचा टेम्पो न विचारता बाहेर काढल्यावर हसली असेल तशी. मग त्याच्या ध्यानात आलं, की तो खाकरायच्या आधीच तिची मान उजवीकडं झुकलेली होती.

त्याला इतका आनंद झाला की काय करावं सुचेना. त्यानं पेन्सिल काढली, नकाशाच्या अगदी कडेला, जिथं रस्ता कागदाबाहेर जात होता, तिथं लिहिलं, 'इथून पुढं पद्मा.' मग नकाशाची घडी घालून पेटीत ठेवली आणि तो तिच्यासाठी शेंगा सोलू लागला.